दुसरे बेट कोणते?

मार्गशीर्षातील एका संध्याकाळी मनमाडच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी बैठकीत सहलीचा कागद पसरला होता. दादींचे प्रतिक्रमण झाले होते, दुकानाचा रोजमेळ लागला होता आणि माघात अंदमानला जायचे हे घरात ठरून चुकले होते. कागदावर सहा रात्री मांडल्या होत्या. पहिली पोर्ट ब्लेअरला, पुढच्या दोन स्वराज द्वीपावर, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. उरलेल्या मधल्या दोन रात्रींपुढे प्रवास कंपनीच्या माणसाने जागा रिकामी सोडून एवढेच लिहिले होते : ‘दुसरे बेट, आपल्या पसंतीने.’

पहिल्या बेटाविषयी सहसा वाद होत नाही. पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, तेथे विमान उतरते म्हणून थांबावेच लागते. सुटी खरी सुरू होते ती पूर्वी हॅवलॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वराज द्वीपापासून. तेथील राधानगरच्या किनाऱ्याला ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम ठरविले, तेव्हापासून अंदमानला जाणारा प्रत्येक जण तेथे जातोच. पण दुसरे बेट ही ज्याची त्याची निवड असते आणि या घरात तिच्यावरून चार माणसांची चार मते झाली.

नुकताच बी.कॉम. होऊन दुकानात बसू लागलेल्या नातवाला दूरचे, कोणी न पाहिलेले काही हवे होते. त्याने उत्तर टोकाचे दिगलीपूर किंवा दक्षिणेचे लिटल अंदमान अशी दोन नावे सुचविली. त्याच्या वडिलांचे म्हणणे, हलायचेच कशाला? स्वराज द्वीपावरच चार रात्री काढाव्यात, तेथे फोन तरी लागेल. सूनबाईंचे मत अजून बनायचे होते. आणि दादींनी शांतपणे सांगून टाकले, “तुम्ही बेटांवर जा. मी पोर्ट ब्लेअरलाच थांबते. मला जेल पाहायचा आहे, तेवढा दाखवा म्हणजे झाले.”

दादींचे माहेर भगूरचे. सावरकरांचा वाडा ज्या गावात, त्या गावची मुलगी. १९११ मध्ये अंदमानात नेलेला हा भगूरचा माणूस १९२१ पर्यंत त्या कोठडीत होता, थोरले बंधू बाबारावही त्याच कारागृहात होते, या गोष्टी तिने शाळेच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी घराच्या ओट्यावर ऐकल्या होत्या. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलच्या सात ओळींपैकी आज तीनच उभ्या आहेत. त्या एकदा डोळ्यांनी पाहाव्यात, एवढीच तिची सहल. बेटांवर न जाण्याचे कारण तिने सांगितले नाही, पण सूनबाईंना ते ठाऊक होते. एकतीस वर्षांचा चौविहार. लग्नकार्य असो, आजारपण असो, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब तोंडात गेलेला नाही. आपल्या नियमापायी मुलानातवंडांची धावपळ नको, म्हणून दादी स्वतःला सहलीतून वजा करीत होत्या.

अशा वजाबाकीला घरातली माणसे फार लवकर संमती देतात. ‘त्यांनाच नको आहे’ असे म्हटले की प्रश्न मिटतो. सूनबाईंनी तो तसा मिटू दिला नाही. त्यांनी खर्चाची वही काढली आणि तीत रुपयांऐवजी तास मांडायला सुरुवात केली.

बेट बदलण्याची खरी किंमत तिकिटात नसते. सकाळी सामान बांधणे, खोली सोडणे, जेट्टीवर तासभर आधी पोहोचून रांगेत उभे राहणे, बोटीचा वेळ, उतरल्यावर गाडी, नवी खोली मिळेपर्यंतची दुपार. बोट पाऊण तासाची असली तरी दिवसाचा अर्धा भाग त्यातच जातो. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी अर्धा दिवस जाताना आणि अर्धा दिवस येताना खर्च होणार असेल, तर उरलेल्या वेळात ते बेट असे काही देते का, जे पहिल्याने दिले नाही? वहीच्या पानावर हा एकच प्रश्न होता.

लिटल अंदमान या प्रश्नापुढे टिकले नाही. बेट सुंदर आहे, धबधबे आहेत, लाटांवर फळीने स्वार होणारे तरुण तेथे जातात. परंतु पोर्ट ब्लेअरहून हट बे बंदरापर्यंतचा जहाजाचा प्रवास साधारण सहा ते आठ तासांचा. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले की हाती एक रात्र उरते, तीही समुद्र लागलेल्या माणसाची.

दिगलीपूरचा मोह मोठा होता. तेथे रॉस आणि स्मिथ ही दोन बेटे ओहोटीला वाळूच्या पट्ट्याने जोडली जातात, कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात, आणि अंदमानातील सर्वांत उंच ७३२ मीटरचे सॅडल पीक तेथेच आहे. पण रस्ता तीनशे किलोमीटरच्या पुढचा, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस गाडीत. शिवाय हा रस्ता, अंदमान ट्रंक रोड, जारवा या आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या ठरावीक वेळी तांडा करून सोडतात, वाटेत थांबणे आणि छायाचित्रे घेणे निषिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या पट्ट्यातील वाहतूक बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी गाड्या चालूच राहिल्या. कित्येक प्रवासी या वाटेने जातात ते काचेतून ‘माणसे पाहायला’. ज्यांनी आपल्याला बोलावले नाही, त्यांच्या अंगणातून केवळ हौसेसाठी गाडी हाकणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न अहिंसेच्या घरात तरी उठायला हवा. तो नातवानेच उठविला, हे विशेष. गाडीची वेळ पाहता पाहता त्याने जारवांविषयी वाचले आणि दिगलीपूरवर स्वतःच काट मारली.

उरले जवळचे शहीद द्वीप, जुने नील. हॅवलॉक आणि नील ही दोन्ही नावे १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांची. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकविला, त्याला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, २०१८ मध्ये, ती नावे बदलली. दोन्ही बेटांवर वस्ती आहे ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची. शहीद द्वीपावरील गावांची नावे सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. बेट एवढे लहान की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत जाता येते.

नातवाने नाक मुरडले. “तिथे आहे काय? भाजीपाला!”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शहीद द्वीप हा अंदमानचा भाजीचा मळा म्हणून ओळखला जातो, तेथील भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. पण सूनबाईंच्या वहीत हीच नोंद पहिल्या क्रमांकावर गेली. जेथे सारे काही बोटीने येते, अशा बेटांवर कांदा, लसूण, बटाटा वगळून जेवण मागितले की स्वयंपाकी गोंधळतो, कारण टिकाऊ म्हणून त्याच्या कोठीत नेमके तेच भरलेले असते. जेथे भेंडी, दुधी, पडवळ, भोपळा, कच्ची केळी शेतातून स्वयंपाकघरात येतात, तेथे ‘जमिनीखालचे काही नको’ हे सांगणे सोपे जाते. (या बाबतीत मनमाड-लासलगाव पट्ट्यातील जैन घरांची गंमत न्यारी. वखारीत कांद्याच्या गोण्यांची थप्पी आणि स्वयंपाकघरात कांद्याला बंदी.) अर्थात ‘जैन’ एवढा शब्द पुरेसा नाही. काय चालत नाही याची यादी नावानिशी, आधी लेखी पाठवावी. मांसमच्छी शिजते त्या भांड्यांचा प्रश्नही फोनवरच विचारून घ्यावा, ताटावर बसल्यावर नव्हे. उकळलेले पाणी लागणाऱ्यांनी घरचा थर्मास न्यावा. खाकरे, थेपले आणि मेथीचा डबा कोणी सांगायची गरज नाही.

मग सूनबाईंनी वहीत सूर्यास्त मांडला आणि सहलीचे चित्रच बदलले.

भारताचे घड्याळ एक, सूर्य मात्र एक नव्हे. अंदमान मनमाडच्या पूर्वेला सुमारे अठरा रेखांश, म्हणजे सूर्य तेथे सव्वा तास आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात मनमाडला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पोर्ट ब्लेअरला पाचलाच. माघातही तेथे सूर्यास्त सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान होतो. मे महिन्यात तर हे अंतर दीड तासाच्या जवळ जाते. ज्या घरात संध्याकाळचे जेवण साडेपाचला होते, तेथे ते साडेचारला व्हावे लागते आणि हॉटेलांचे स्वयंपाकघर त्या वेळी झोपलेले असते. उलट नवकारशी लवकर येते. माघात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की साडेसहाला पारणे. सकाळच्या बोटीची चिंता मिटली. अडचण सारी संध्याकाळची.

आणि तीच बेटाबेटांतला फरक दाखविते. स्वराज द्वीपावर बहुतेक हॉटेले पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर-विजयनगरकडे, तर राधानगरचा किनारा पश्चिमेला, जेट्टीपासून बारा किलोमीटरच्या आसपास. त्याची ख्याती सूर्यास्तासाठी. म्हणजे चौविहार करणाऱ्याने एक तर चारला जेवून निघावे, नाही तर डबा नेऊन वाळूवर घाईने चार घास खावेत, आणि अंधारात परत यावे. एक दिवस हे चालते, रोज नाही. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरचा सूर्यास्ताचा किनारा जेट्टीहून दोनेक किलोमीटर. साडेचारला जेवावे, हात धुऊन पाणी प्यावे, दहा मिनिटांत किनाऱ्यावर पोहोचावे आणि मग सूर्य बुडेपर्यंत वेळच वेळ. नियम आणि सहल या दोघांची तेथे ओढाताण होत नाही. दादींना वगळण्याचे कारणच त्या बेटावर उरत नाही.

हेच गणित अन्य समुद्रांनाही लागू पडते. मालदीवमध्ये दुसरे बेट म्हणजे दुसरे हॉटेल, कारण बहुधा एका बेटावर एकच हॉटेल असते. तेथील समुद्री विमाने उजेडातच उडतात, म्हणून संध्याकाळी माले गाठणाऱ्यास ती रात्र तेथेच काढावी लागते. बालीहून नुसा पेनिडा पाऊण तासावर, पण तेथील कडे आणि पायऱ्या वृद्धांच्या कामाच्या नाहीत. मॉरिशसमध्ये, जेथे मराठी बोलणाऱ्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शाकाहाराची ददात नाही, मात्र त्याचे जोडबेट रॉड्रिग्ज विमानाने दीड तासाच्या अंतरावर आहे. लक्षद्वीपला प्रवेशपरवाना आधी काढावा लागतो. जोडी जुळवायची ती पहिल्या बेटाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी म्हणून. एका किनाऱ्यावर कंटाळलेला माणूस दुसऱ्या तशाच किनाऱ्यावर जाऊन ताजा होत नाही.

स्वराज द्वीपाची उणीव कोणती, हेही मग उघड झाले. तेथे समुद्र पाहण्यासाठी समुद्रात उतरावे लागते. एलिफंट बीचवर पोवळ्यांचे जग पाहायचे तर बोट, ओले कपडे, पाण्याखाली तोंड. नातवाला ते हवेच होते. अनकाईची जैन लेणी दोन वर्षांमागे शेवटची चढलेल्या दादींच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हते. शहीद द्वीपावर भरतपूरचा किनारा जेट्टीलगत आहे आणि तेथे काचेच्या तळाच्या बोटी मिळतात. बसल्या जागी पायाखाली पोवळी आणि मासे दिसतात, आणि कोणावर पाय पडत नाही. ‘जीवविचार’ प्रकरणात विद्रुम म्हणजे पोवळ्याची गणना पृथ्वीकायात केली आहे, आधुनिक प्राणिशास्त्र त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत म्हणते. दोहोंपैकी कोणतेही प्रमाण धरले तरी त्यावर उभे राहून छायाचित्र काढून घेणे बसत नाही. पोवळे वा शंख उचलून आणणे तर कायद्यानेही गुन्हा ठरू शकते, विमानतळावर सामान तपासले जाते. देव्हाऱ्यासाठी शंख हवाच असेल तर पावतीसह परवानाधारक दुकानातून घ्यावा.

वडिलांचा आक्षेप मात्र वहीने खोडला नाही. चेन्नईहून समुद्रतळाखालून आलेली तार ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. ती पोर्ट ब्लेअरखेरीज ज्या बेटांवर नेली, त्यांत स्वराज द्वीप, लाँग आयलंड आणि लिटल अंदमानही होते, पण शहीद द्वीप त्या यादीत नव्हते. तेथे फोन लागतो, तरी दर पाच मिनिटांनी बाजारभाव पाहणाऱ्याने मोठी आशा ठेवू नये. दुकान धाकटा भाऊ सांभाळणार होता. दोन दिवस सौद्याचा निर्णय त्याच्यावर सोडायचा, हे मान्य करायला वडिलांना अख्खी रात्र लागली. सकाळी त्यांनी भावाला बोलावून तिजोरीची दुसरी किल्ली दिली. भावाच्या चेहऱ्यावरून दिसले की अंदमानला न जाता या सहलीत सर्वाधिक मिळाले ते त्याला.

दवाखान्याची गोष्टही मांडली गेली. दोन्ही बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात, मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे. म्हणून दादींच्या औषधांचा दुप्पट साठा दोन वेगळ्या पिशव्यांत न्यायचा ठरला. आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवण्याचे शहाणपण आधीच कागदावर होते, ते कोणीही मोडू नये. वारा उठला की बोटी रद्द होतात. बेटावरून थेट विमान गाठू पाहणाऱ्यांचे विमान त्यांच्यावाचून उडते. पाण्याविषयी लहान बेटांवरील हॉटेले काटकसरीची विनंती करतात, पण जेथे नळाला वर्षानुवर्षे कित्येक दिवसांनी पाणी आले त्या मनमाडच्या बायकांना हा पाठ कोणी द्यायला नको. वागदर्डी धरणाची पातळी त्यांना तोंडपाठ असते.

नातवाची समजूत अखेर दादींनी काढली, आणि तीही पंचांगाने. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत जाता येते ते ओहोटीलाच. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती मोठी तशी ओहोटीही खोल, अष्टमीच्या सुमारास दोन्ही मवाळ. प्रवास कंपनीने सुचविलेल्या तारखा दादींनी भिंतीवरील पंचांगाशी ताडून पाहिल्या. शहीद द्वीपाची पहिली रात्र नेमकी सुद अष्टमीला येत होती.

“अष्टमीला मला हिरवी भाजी चालत नाही, आणि याला कमान दिसायची नाही,” त्या म्हणाल्या. “सात दिवस पुढे घ्या. चौदशीला माझे एकासणे असते, ते स्वराज द्वीपावर होऊन जाईल, त्या दिवशी प्रवास नाही. पुनवेला दुसऱ्या बेटावर. पडव्याला याने खडकांत हवे तेवढे फिरावे. मी किनाऱ्यावर माळ घेऊन बसेन. वेळ तेवढी तिथल्या कोळ्याला विचारून घ्या.”

‘मी बसेन’ हे शब्द सूनबाईंनी ऐकले. पोर्ट ब्लेअरला थांबण्याची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

विमानाची तिकिटे अजून काढलेली नव्हती, त्यामुळे तारखा हलविणे जड गेले नाही. सेल्युलर जेल परतीच्या दुपारी ठेवला, म्हणजे दादींना सावकाश पाहता येईल. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम जेवण उरकूनच. सूनबाईंनी रिकाम्या जागेत लिहिले : ‘शहीद द्वीप, दोन रात्री. संध्याकाळचे भोजन साडेचारला.’ आणि कागद परत पाठविला.

तासाभरात प्रवास कंपनीच्या माणसाचा फोन आला. “ताई, साडेचारला लिहिलंय, ते चहा-नाश्ता धरू ना?”

“नाही भाऊ,” सूनबाई म्हणाल्या. “जेवण. चारही जणांचं.”

खाटेवर माळ घेऊन बसलेल्या दादींनी नातवाकडे पाहिले. चौविहार घरात आजवर एकट्या त्यांचाच होता.